बंद दाराची खूण

रविवारी फोनवर तुम्ही दोघंही एकदम बोलत होतात. सगळी शाळा रांगेत डोंगर चढून गेली, भोंगा वाजला, वर पोचल्यावर बिस्किटं मिळाली, असं धाकट्याने सांगितलं. तुमच्या गावामागचा बर्फाचा पांढरा डोंगर आतून गरम आहे आणि कधीतरी त्यातून चिखलाचा लोंढा येऊ शकतो, म्हणून हा सराव, असं ताईने समजावलं. मी "छान, छान" म्हटलं आणि फोन ठेवला. मग मेथी निवडायला बसले, तर निवडलेली पानं काड्यांत आणि काड्या पातेल्यात टाकत होते.

मला भीती वाटली, एवढंच. तुम्हाला मजा आली हे चांगलंच आहे. सरावात मुलांना मजा येते, आमच्याही शाळेतल्या मुलांना येत असे. पण सराव चोख होऊनही काय होऊ शकतं हे मी एकदा पाहिलेलं आहे, आणि तुमच्या आईने ते आतून पाहिलेलं आहे. तिने तुम्हाला सांगितलेलं नसणार. म्हणून मी क्रमाने लिहून काढते. तुम्हाला मराठी वाचायला जड जातं, तेव्हा तिच्याकडून वाचून घ्या. शक्य तितकं साधं लिहीन.

हैदराबादेत हिमायतनगरच्या एका गल्लीत आमची मराठी शाळा होती. तळमजला दगडी, निजामाच्या काळचा, आणि त्यावर नंतर चढवलेले दोन मजले. जिना एकच. मी इंग्रजी शिकवायचे आणि नववीची वर्गशिक्षिका होते. तुमची आई चौथीत होती, सगळ्यात वरच्या मजल्यावर. शाळेत तिने मला आई म्हणायचं नाही, इतरांसारखं बाईच म्हणायचं, असं आमचं ठरलेलं होतं. ते तिने कधी मोडलं नाही.

ते दिवस असे होते की महिन्या-महिन्याला शहर ओळखू येत नसे. कोपऱ्याकोपऱ्यावर परदेशात फोन लावून देणाऱ्या पिवळ्या टपऱ्या आल्या, घराघरात केबल आली, दिलसुखनगरला शिकवणीवर्गांच्या पाट्या एकावर एक चढल्या. बस पाठवून मुलं नेणाऱ्या इंग्रजी शाळा निघाल्या आणि आमच्या शाळेतली मुलं कमी होऊ लागली. जुने बंगले विकले जात होते. शाळेच्या भिंतीला लागून एक बंगला होता, अंगणात हत्तीएवढे खडक असलेला. तोही विकला गेला. तिथे फ्लॅट होणार असं कळलं.

त्याच सुमाराला मराठवाड्यात भूकंप झाला. त्या पहाटे आमच्या विद्यानगरच्या घरातलीही भांडी वाजली होती. तुमच्या आजोबांच्या चुलत भावाचं गाव त्या भागातलं. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरं माणसांवर बसली. चुलत भाऊ वाचले, त्यांची सून आणि नातू वाचले नाहीत. त्यानंतर कितीतरी दिवस मी कुठल्याही खोलीत गेले की आधी छताकडे बघत असे.

आमचे मुख्याध्यापक मदतीचं सामान घेऊन तिकडे गेले होते. तिथे त्यांना परदेशी मदतकार्याची माणसं भेटली. त्यांचा एक उपक्रम होता: संकटाची सवय असलेली एक शाळा आणि संकटाने नुकतीच घाबरलेली एक शाळा, अशा जोड्या लावायच्या. अनुभवी शाळेने दुसरीला शिकवायचं. आमची जोडी लागली ती लांबच्या एका बेटावरच्या शाळेशी. तिचं गाव ज्वालामुखीच्या पायथ्याला होतं, आणि तो ज्वालामुखी जिवंत होता.

मुख्याध्यापक फार खूश झाले. परदेशी शाळेशी जोडी म्हणजे पालकांना सांगायला काहीतरी झालं. शिक्षकखोलीत मात्र हसाहशी झाली. सातवीचे वर्गशिक्षक, गणिताचे सर, बिदरकडच्या शेतकरी घरातले. गंभीर तोंड करून चेष्टा करायची त्यांची तऱ्हा होती.

"बाई," ते मला म्हणाले, "ज्वालामुखी इथं कायकू यायलाय? अन् आलाच, तर दिलसुखनगरच्या ट्राफिकमधून येऊ द्या की आधी. तोवर आपली पोरं पेन्शनीत निघतील."

"सर, भूकंपाला ट्राफिक लागत नाही," मी म्हणाले.

"हौ, ते खरं," ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

हिवाळ्यात त्या शाळेतल्या एक शिक्षिका आमच्याकडे आल्या. बुटक्या, सावळ्या, हळू बोलणाऱ्या. इंग्रजी माझ्यासारखंच, शाळेत शिकलेलं. म्हणून त्या आमच्याच घरी उतरल्या. तिन्ही त्रिकाळ भात त्यांना चालत असे. त्यांची एक सवय मी पहिल्याच दिवशी टिपली: कुठेही गेल्या तरी त्या दारापाशी बसायच्या, आणि बसण्याआधी एकदा खोलीभर नजर फिरवायच्या. आमच्या स्वयंपाकघरात पाटा-वरवंटा होता, माझ्या सासरहून मराठवाड्यातून आलेला, काळ्या दगडाचा. त्यांनी वाकून त्यावर हात ठेवला.

"हा कुठला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, आमच्या गावाकडची सगळी जमीनच या दगडाची आहे.

"हा आमच्याकडचाच दगड आहे," त्या म्हणाल्या. "थंड झालेला." आणि हात काढून घेतला.

तोपर्यंत मी त्या पाट्यावर रोज चटणी वाटत होते. नंतरही वाटली, पण आपल्या पायाखाली केव्हातरी आग वाहिली होती हा विचार तेव्हापासून चिकटला तो चिकटलाच.

एका संध्याकाळी त्यांनी त्यांच्या गावची हकिगत सांगितली. डोंगरातून राख पडू लागली आणि गाव रिकामं करायची वेळ आली. शाळेतली मुलं रांगेने अरुंद वाटेने खाली निघाली होती. तेवढ्यात एका शिक्षिकेला कळलं की तिचा मुलगा मागच्या रांगेत दिसत नाही. ती स्वतःचा वर्ग सोडून उलटी वर धावली. तिला पाहून आणखी आया धावल्या. खाली येणारे आणि वर जाणारे वाटेत एकमेकांना भिडले. मुलगा सापडला, तो पुढच्याच रांगेत होता. पण त्या गर्दीत चेंगरून दुसरीच मुलं गेली.

"ती शिक्षिका माझी जाऊ," त्या म्हणाल्या. "ती अजून शिकवते. आमच्याशी बोलते. पण त्या वाटेने जात नाही."

म्हणून त्यांच्या शाळेत नियम होता की कुठलीही शिक्षिका स्वतःच्या मुलासाठी परत फिरणार नाही. ज्याचा वर्ग त्याच्याबरोबर. आणि प्रत्येक वर्गाला शेजारचा एक जोडवर्ग. वर्गाचे शिक्षक जागेवर नसतील तर जोडवर्गाच्या शिक्षकाने दोन्ही वर्ग न्यायचे. खोली रिकामी झाली हे कळावं म्हणून शेवटच्या मुलाने बाहेर पडताना दार लावून घ्यायचं. दार उघडं असेल तर आत बघायचं, बंद असेल तर वेळ न घालवता पुढे जायचं.

हे सगळं मी मराठीत आणलं. आमच्याकडे चौथीची जोड लागली शेजारच्या सातवीशी. मुख्याध्यापकांनी ते शिक्षकांपुढे वाचायला मलाच उभं केलं. "स्वतःच्या मुलासाठी परत फिरायचं नाही" हे वाक्य वाचताना सगळ्यांची नजर माझ्यावर होती, कारण आम्हा शिक्षकांत स्वतःचं मूल याच शाळेत असलेली मी एकटीच होते.

सराव सुरू झाले. पहिल्या दिवशी जिन्यात गोंधळ झाला, कारण आमच्याकडे चपला वर्गाबाहेर काढायची पद्धत होती आणि प्रत्येक मूल वाकून आपलीच चप्पल शोधत होतं. नवी चप्पल हरवली तर घरी मार बसेल ही भीती त्यांना भूकंपाहून मोठी होती. पाहुण्या बाईंनी ते पाहिलं आणि सांगितलं, अनवाणी चला. मग मुलं अनवाणी धावायला शिकली. बाकाखाली डोकं झाकून बसायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही, बाई किंवा सर "चला" म्हणेपर्यंत हलायचं नाही, मग रांग, जिना, मैदान, हजेरी. जानेवारीपर्यंत असं बसलं की मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर तेज आलं. गणिताचे सर म्हणाले, "आता भूकंप नाही आला तर पोरं नाराज होतील."

पाहुण्या बाई परत गेल्या. जाताना त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला होता.

पुढे उन्हाळा आला. मार्चच्या मध्यापासून हैदराबादेत शाळा अर्ध्या दिवसाच्या होतात, सकाळच्या. तरी अकराच्या सुमाराला वरच्या मजल्यावर बसवत नसे. चौथीच्या खोलीचं दार ज्या व्हरांड्यात उघडायचं, तो पूर्वेचा. कोवळं ऊन म्हणता म्हणता दारातून थेट पहिल्या बाकापर्यंत यायचं. म्हणून चौथीच्या बाई दार लावून घ्यायच्या, दरवर्षी, आणि समोरच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या. उन्हाळ्यात सगळं हैदराबाद हेच करतं. ऊन चढलं की दार लोटायचं, यात विचार करण्यासारखं काही असतं असं कुणालाही वाटलं नव्हतं.

शेजारच्या जागेत तेव्हा खडक फोडायचं काम चालू होतं. घण आणि छिन्नीचा आवाज दिवसभर यायचा. मुलांना त्याची सवय झाली होती.

त्या दिवशी मी नववीला निबंध सांगत होते. एकाएकी पायाखालची फरशी उचलल्यासारखी वाटली, आणि मग आवाज आला. आवाज नंतर आला, हे मला पक्कं आठवतं. फळ्यावरची खडूची पेटी पडली. वरून चुन्याचे पापुद्रे मुलांच्या डोक्यांवर आले. मला तुमच्या आजोबांच्या चुलत भावाचं गाव दिसलं. मी ते कधी पाहिलेलं नव्हतं, तरी दिसलं.

"खाली," मी म्हणाले, आणि नववीची ती दांडगी मुलं मुकाट्याने बाकांखाली गेली. घंटा वाजली. "चला."

आम्ही तळमजल्यावर, त्यामुळे मैदानात सगळ्यांच्या आधी पोचलो. मी हजेरी घेतली. सगळे होते. मग मी जिन्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. पाचवी आली. सहावी आली. मुलं धुळीने पांढरी, डोळे मोठे, पण रांग मोडलेली नाही. जिन्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत एक चीर गेलेली मैदानातूनही दिसत होती. सातवी आली, मागे गणिताचे सर. चौथी आली नाही.

चौथीच्या बाई मैदानातच होत्या. एका मुलाच्या नाकाचा उन्हाने घोळणा फुटला म्हणून त्या त्याला घेऊन खाली नळावर आल्या होत्या. त्याच वेळी धक्का बसला. पदराला रक्त, एका हाताने त्या मुलाला धरलेलं, अशा त्या सरांच्या समोर गेल्या.

"सर, माझी मुलं कुठायत?"

"तुमची? तुमची गेली ना बाई. तुमच्या खोलीचं दार लागलं होतं. मी बघितलं, बंद होतं. म्हटलं, तुम्ही नेली."

"मी तर इथे आहे."

आम्ही तिघांनीही वर बघितलं. वरच्या मजल्यावरून कसलाच आवाज येत नव्हता. रडणं नाही, ओरडणं नाही. मनात आलं, आत कुणी नाहीच. ती कुठूनतरी आधीच उतरली, कुठेतरी उभी आहेत. मग दुसरं मनात आलं ते याहून वाईट होतं, ते मी लिहीत नाही.

मग मला ऊन दिसलं. व्हरांड्याच्या कठड्यावर ते पांढरं पडलेलं होतं.

"सर," मी म्हणाले, "ते उन्हासाठी लावलंय दार. मुलं आत आहेत. बाकाखाली आहेत. कुणी 'चला' म्हटलेलंच नाही त्यांना."

आम्हीच त्यांना शिकवलं होतं की बोलायचं नाही, हलायचं नाही.

माझे पाय जिन्याकडे निघाले होते. मला कळलंही नाही. मुख्याध्यापक मध्ये आले. हात लावला नाही, ओरडले नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "तुमची नववी."

मी वळून पाहिलं. नववीची सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. दोघं-तिघं एक पाऊल पुढे आलेही होते, माझ्या मागून यायला. मी गेले असते तर ते आले असते, त्यांना पाहून आठवी आली असती. मी परत त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. कशी, ते मला आजही सांगता येणार नाही.

चौथीच्या बाई निघाल्या होत्या. गणिताच्या सरांनी त्यांना बाजूला केलं. "तुम्ही नक्को बाई. ती माझी जोड आहे. माझ्या पोरांना बघा." आणि ते गेले. धोतर सोडून पँट घालायला त्यांनी त्याच वर्षी सुरुवात केली होती. पळायची सवय असलेले ते गृहस्थ नव्हते. चिरलेल्या भिंतीपासून लांब, दुसऱ्या बाजूने, कठड्याला धरून ते चढत गेले आणि दिसेनासे झाले.

तेव्हा दुसरा धक्का बसला.

पहिल्यापेक्षा मोठा. जिन्यावरच्या कठड्याच्या विटा सुटून आत पायऱ्यांवर पडल्या, त्याचा आवाज ऐकू आला. धुळीचा लोट जिन्याच्या तोंडातून बाहेर आला. मैदानात आता मुलं रडू लागली. मी नववीला "खाली बसा" म्हणाले आणि स्वतः उभी राहिले. मला बसताच आलं नसतं. धूळ खाली बसेना. त्या धुळीत मी डोळे न मिटता बघत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते रडण्याचं नव्हतं, धुळीचं होतं. मी आकडे मोजू लागले, मग थांबवलं, कारण किती आकड्याला काय समजायचं ते मला ठरवता येईना.

शेजारच्या भिंतीवर एक माणूस चढून उभा राहिला, डोक्याला लाल फडकं. "डरो नक्को अम्मा," तो आम्हाला सांगत होता, "पत्थर है. पत्थर फोड रहे. सुरुंग."

कुणाला काही अर्थ लागायला वेळ लागला. भूकंप नव्हता. घणाने न फुटणारे खडक त्यांनी सुरुंग लावून उडवले होते, शाळेला लागून, शाळा भरलेली असताना, न सांगता. मुख्याध्यापक त्याच्याकडे गेले आणि इतक्या हळू आवाजात बोलले की तो माणूस भिंतीवरून उतरून पळाला. नंतर शेजारून आवाज आला नाही. पण जिना तर खराच चिरलेला होता, विटा खऱ्याच पडल्या होत्या.

आधी सरांचा आवाज आला. "विटावर पाय नक्को ठिवू रे. भिंतीकडून नक्को. इकडून, इकडून. एकमेकाला धरा. सोडू नका." मग ते दिसले. कडेवर एक लहानखुरी मुलगी, तिच्या गुडघ्यातून रक्त. मागे साखळीसारखी चौथी, अनवाणी, डोकी पांढरी. तुमची आई शेवटून दुसरी होती. चालत होती. दोन्ही पायांवर चालत होती.

ती माझ्याकडे आली नाही. सरावात शिकवल्याप्रमाणे चौथीच्या खुणेपाशी, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, आपल्या रांगेत जाऊन उभी राहिली. चौथीच्या बाईंनी हजेरी घेतली. तिने "हजर बाई" म्हटलं. मी इकडे नववीपुढे उभी. आमच्या दोघींच्या मध्ये सगळी शाळा होती. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. हसली नाही, रडली नाही. पालक येऊन मुलं नेईपर्यंत आम्ही दोघी तशाच होतो.

नंतर सरांनी सांगितलं, वर दार ढकललं तेव्हा वर्गात कुणीच दिसेना. त्यांना वाटलं खरंच रिकामी आहे खोली. मग बाकांखाली हातांनी झाकलेली डोकी दिसली. दुसरा धक्का बसला तेव्हाही मुलं हलली नाहीत. "इतकी शहाणी पोरं मी पैल्यांदा बघितली," ते म्हणाले, "अन् मला त्यांचा शहाणपणाच नको झाला, बाई." त्या दिवसापासून ते सरावाची चेष्टा करेनात. मला ती चेष्टा हवीशी वाटायची.

घरी तुमची आई त्या दुपारी जेवली, झोपली, उठून खेळली. बोलली काहीच नाही. फक्त कुणी दार लावलं की उठून उघडून यायची. मीही विषय काढला नाही. मी वाट बघत होते की ती विचारेल, आणि ती विचारेल याची मला धास्ती होती.

मुख्याध्यापकांनी घडलेलं सगळं त्या बेटावरच्या शाळेला कळवायचं ठरवलं. मी इंग्रजीत लिहिलं, आणि मुख्य रस्त्यावरच्या फॅक्सच्या दुकानातून ते गेलं. आम्ही उन्हासाठी दार लावतो, तुमची खूण आमच्याकडे खोटी ठरते, एवढा त्याचा मथितार्थ. आपली चूक कळवतोय असंच आम्हाला वाटत होतं.

उत्तर यायला काही आठवडे लागले. मी तो कागद मराठी करायला घरी आणला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले होते, तुमची आई शेजारी उभी राहून ओळीवर बोट ठेवून वाचत होती. तेवढं इंग्रजी तिला येऊ लागलं होतं. पाहुण्या बाईंनीच लिहिलेलं होतं. तुमचं वाचल्यावर आम्ही सगळ्या शिक्षिका उठून आपापल्या वर्गाचं दार बघून आलो, असं त्यांनी लिहिलं होतं. राख पडू लागली की आम्हीही दारं लावतो, राख आत येऊ नये म्हणून, आणि मुलं तेव्हा आतच असतात. इतकी वर्षं आम्ही हाच नियम पाळतो आणि हे आमच्या लक्षात आलं नाही. आता आम्ही रिकाम्या खोलीच्या कडीला बाहेरून फळा पुसायचं फडकं बांधतो. तुम्हीही तसंच करा.

"म्हणजे त्यांची मुलंपण आत राहिली असती?" तिने विचारलं.

"राहिली असती."

"आणि कुणाला कळलं नसतं?"

"कदाचित नसतं कळलं."

तिने बोट त्या ओळीवरून काढलं नाही. "तुला कळलं होतं ना, मी आत आहे ते?"

"हो."

"मग तू का नाही आलीस?"

मी तिला नियम सांगितला. पाहुण्या बाईंच्या जावेची हकिगत सांगितली, लहान मुलीला सांगता येईल तेवढी. नववीची मुलं माझ्याकडे होती, असं सांगितलं.

"नववीच्या मुलांच्या आया तिथे नव्हत्या, म्हणून?"

"हो. म्हणून."

"माझी होती." तिने बोट काढून घेतलं. "पण तिचा काही उपयोग झाला नाही."

मी शिक्षिका. मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणं हा माझा पेशा. मी पेन खाली ठेवलं.

"सरांना दाराचं मी सांगितलं," मी शेवटी म्हणाले. "ते उन्हासाठी लावलंय, आणि तुम्ही आत आहात, हे."

"माहितेय. सरांनी सांगितलं मला तेव्हाच."

"मग विचारतेस कशाला?"

"तू सांगतेस का ते बघत होते."

असं म्हणून ती खेळायला गेली. मी तो कागद मराठी करून पुरा केला, अक्षर जरा वाकडं आलं. शाळेत कडीला फडकं बांधायची पद्धत सुरू झाली, जिना नव्याने बांधला गेला, आणि शेजारी फ्लॅटही उभे राहिले. तो उन्हाळा संपेपर्यंत, आणि त्याच्या पुढचाही सबंध उन्हाळा, आमच्या घरातलं एकही दार दिवसा लागलं नाही. आम्ही तिघंही घामाने भिजून जायचो. तुमचे आजोबा उन्हाने तापट व्हायचे, पण दाराबद्दल ते एकदाही कुरकुरले नाहीत. दुपारी ते ओला टॉवेल खांद्यावर टाकून पेपर वाचत बसायचे, आणि ऊन दारातून आत येऊन त्यांच्या पायांपर्यंत पोचलं की खुर्ची थोडी मागे घ्यायचे.